कर्मवीर भाऊराव पाटील : एका लोकहितकारी उद्योगाची कथा

विद्यार्थिमित्रहो, दरवर्षीं ह्या वार्षिकाच्या मराठी विभागांत एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आपणांपुढें ठेवीत असतों. यंदा कोणाचें चरित्र घ्यावें ह्याचा विचार करीत असतां आम्हांस वर्गांतील एक प्रसंग आठवला. पुढें कोण होणार, असें आम्हीं एकदां मुलांना विचारलें होतें. कांहींनीं व्यापारी होऊन पुष्कळ पैसा मिळवूं असें सांगितलें. कांहींनीं समाजसेवा करूं असें सांगितलें. परंतु हीं दोन्हीं कामें एकच मनुष्य एकाच वेळीं करूं शकेल, ही कल्पना मात्र कोणाच्याहि मनांत आली नाहीं. जणूं व्यापार म्हणजे स्वार्थ आणि सेवा म्हणजे भिक्षापात्र, अशी एक भिंतच आपण उभी करून ठेविली आहे.

ही भिंत ज्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच मुलुखांत, पाडून दाखविली, त्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही सांगणार आहों. त्यांचें नांव भाऊराव पायगौंडा पाटील. लोक त्यांना प्रेमानें अण्णा म्हणत आणि आदरानें कर्मवीर म्हणत. त्यांना जाऊन आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी सातारा व सांगली जिल्ह्यांत असें गांव विरळाच, कीं जेथील एखादें तरी घर त्यांच्या ऋणांत नाहीं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापूर संस्थानांतील कुंभोज ह्या गांवीं झाला. घराणें जैन; मूळ गांव वाळवें तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुक. हा तालुका त्या काळीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. म्हणून भाऊरावांवर सातारकरांइतकाच सांगलीकरांचाहि हक्क आहे. वडील पायगौंडा हे महसूल खात्यांत नोकरीस होते. आईचें नांव गंगाबाई.

लहानपणापासूनच ह्या मुलाचा स्वभाव कांहीं निराळा होता. गांवच्या विहिरीवर अस्पृश्य बायाबापड्या ओंजळभर पाण्यासाठीं तिष्ठत उभ्या राहिलेल्या त्यानें पाहिल्या, आणि रागाच्या भरांत त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी कथा सांगतात. मोडतोड करून अन्याय नाहींसा होत नाहीं, हें त्याला पुढें कळलें. परंतु अन्याय पाहून स्वस्थ न बसण्याचा गुण मात्र जन्मभर टिकला.

इंग्रजी शिक्षणासाठीं भाऊरावांना कोल्हापुरास राजाराम हायस्कुलांत घातलें, व राहण्याची सोय जैन बोर्डिंगांत झाली. तेथें एक प्रसंग घडला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मग आंत यावें, अशी त्यांना आज्ञा झाली. स्नानाला त्यांची ना नव्हती. परंतु माणसाच्या सहवासानें विटाळ होतो, हें कबूल करण्याला मात्र होती. त्यांनीं आज्ञा मानली नाहीं, आणि बोर्डिंगाचें दार त्यांना बंद झालें. त्या वेळीं बोर्डिंगाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे ह्या विद्वान गृहस्थांच्या हातीं होती. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें कांहीं काळ राजर्षि शाहू छत्रपतींच्या आश्रयानें भाऊरावांचे दिवस गेले. महाराजांनीं निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं कोल्हापुरांत वसतिगृहें काढिलीं होतीं, तीं त्यांनीं जवळून पाहिलीं. तेथेंच त्यांच्या पुढील कार्याचें बीज पडलें असावें, असें आम्हांस वाटतें.

अभ्यासांत मात्र त्यांना यश आलें नाहीं. मॅट्रिकच्या अलीकडेंच त्यांची गाडी अडली ती कायमची. ज्या पुरुषानें पुढें शेंकडों शाळा उघडल्या, तो स्वतः मॅट्रिकहि झालेला नव्हता! परीक्षेत नापास झालेल्या आमच्या मुलांनीं आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. अर्थात् नापास होणें ही कांहीं थोरपणाची पायरी नव्हे. परंतु तो आयुष्याचा शेवटहि नव्हे.

कुंभोजच्या लक्ष्मीबाई ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. उदरनिर्वाहासाठीं त्यांनीं साताऱ्यास येऊन शिकवण्या धरल्या, आणि लवकरच पाटील मास्तर म्हणून त्यांचा लौकिक झाला. ह्याच सुमारास, १९१० च्या आसपास, मिरज तालुक्यांतील दुधगांव येथें कांहीं मित्रांच्या साहाय्यानें त्यांनीं एक विद्यार्थी आश्रम काढिला. सर्व जातींच्या मुलांनीं एकत्र राहून शिकावें, हा त्याचा हेतु. जो वृक्ष पुढें एवढा विस्तारला, त्याचा पहिला कोंब असा सांगलीच्या मातींत फुटला.

इतक्यांत भाऊरावांवर एक मोठें संकट आलें. १९१४ सालीं कोल्हापुरांत राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फांसल्याचें प्रकरण झालें. त्यांत लठ्ठे ह्यांना गुंतविण्याचा डाव होता, व त्यासाठीं भाऊरावांनीं खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनीं त्यांना धरलें. ज्या गृहस्थांनीं आपणांस बोर्डिंगांतून घालविलें, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही केवढी संधि! परंतु भाऊरावांनीं खोटें बोलण्याचें साफ नाकारलें. त्यांना तुरुंगांत ठेविलें, अतोनात छळ झाला. तरी साक्ष दिली नाहीं ती नाहींच. सार्वजनिक काम करणाराचें खरें भांडवल म्हणजे त्याच्या शब्दावरील लोकांचा विश्वास. हें भांडवल भाऊरावांनीं त्या कोठडींत मिळविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तुरुंगांतून सुटल्यावर ते नांगर विकूं लागले. कृष्णेच्या खोऱ्यांत त्या वेळीं एक मोठा प्रयोग चालला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानें १९१० सालीं एका ओसाड माळावर कारखान्याची वसाहत वसविली होती; तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. तेथें लोखंडी नांगर तयार होत. परंतु लोखंडानें जमिनीला विष चढतें, असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं होतीं. अशा मालाची विक्री करणें म्हणजे आधीं माणसाच्या मनांतील भीति नांगरून काढणें होय. भाऊराव हें काम घेऊन खेडोपाडीं हिंडले. ओगले बंधूंच्या कांचकारखान्यासाठींहि त्यांनीं काम केलें. पुढें साताऱ्याचे धनजीशा कूपर ह्यांनीं कारखाना काढिला, तेव्हां त्याच्या उभारणींतहि भाऊरावांचा मोठा हात होता. कारखान्याचा नफा शिक्षणाकडे वळावा, अशी त्यांची इच्छा होती. पण तेथें मतभेद झाले आणि त्यांनीं तो संबंध सोडला.

वरवर पाहतां हीं वर्षें वायां गेलीं असें वाटेल. परंतु नीट पाहिलें तर भाऊरावांचें खरें विद्यापीठ हेंच. गांवोगांव फिरतांना शेतकरी कर्जांत कां बुडतो, त्याचा कागद दुसरा कां वाचतो आणि त्याचा मुलगा शाळेंत कां जात नाहीं, हें त्यांनीं ओसरीवर बसून ऐकलें. नांगर जमिनीची मशागत करतो, पण मनाची मशागत कोण करणार, हा प्रश्न त्यांना छळूं लागला. तसेंच माल कसा खपवावा, लोकांचा विश्वास कसा संपादावा, भांडवल कसें जमवावें आणि एकाचीं चार केंद्रें कशीं करावीं, ही व्यापाराची विद्याहि त्यांच्या हातीं आली. ती त्यांनीं पुढें स्वतःच्या घरासाठीं वापरली नाहीं. रयतेच्या मुलांसाठीं वापरली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजीं, दसऱ्याच्या सुमुहूर्तावर, कऱ्हाडजवळील काले ह्या गांवीं सत्यशोधक मंडळींच्या साक्षीनें रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. आरंभीं होतें काय? एक लहानसें वसतिगृह आणि एक मोठी इच्छा! १९२४ सालीं भाऊरावांनीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आणिलें व तेथें वसतिगृह सुरू केलें. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला श्रीछत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव देण्यांत आलें. ज्या राजानें भाऊरावांना आश्रय दिला होता, त्याचें असें स्मारक झालें.

ह्या बोर्डिंगांत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशा सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळीं एका पंक्तीस बसणें म्हणजे घरादाराशीं व गांवाशीं वैर घेणें होतें. धर्म, नीति, समता ह्यांवर व्याख्यानें पुष्कळ होत असत. येथें ती समता रोज दोन वेळां ताटांत वाढली जात होती.

आतां आम्ही ह्या चरित्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. गरीब मुलांचें वसतिगृह चालवावयाचें तर पैसा कोठून आणावयाचा? ह्याला नेहमींचे मार्ग दोन. पहिला दानाचा. श्रीमंतांनीं द्यावें आणि गरिबांनीं घ्यावें. ह्यांत दोष असा, कीं दात्याचें मन फिरलें कीं काम बंद, आणि घेणाराची मान मात्र कायमची खालीं. दुसरा मार्ग धंद्याचा. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें तो द्यावा आणि शिकावें. ह्यांत दोष असा, कीं ज्याला शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, तोच दाराबाहेर राहतो. भाऊरावांनीं तिसरा मार्ग शोधून काढिला. मुलाजवळ पैसा नाहीं, पण दोन हात आहेत. बापाजवळ रोकड नाहीं, पण सुगीच्या दिवसांत घरांत धान्य आहे. गांवाजवळ इमारत नाहीं, पण देऊळ आहे, चावडी आहे. जें नाहीं त्याचा शोक करण्यापेक्षां जें आहे तें एकत्र करावें, हें त्यांचें अर्थशास्त्र.

त्यांतून तीन गोष्टी निघाल्या. पहिली मुष्टिफंडाची. दळण किंवा स्वयंपाक करतांना घरच्या बाईनें मूठभर धान्य बाजूला काढावयाचें, आणि तें गोळा करून वसतिगृहाकडे पोंचवावयाचें. मूठ लहान, पण घरें पुष्कळ. शिवाय जिनें मूठ दिली, तिला तें वसतिगृह आपलें वाटूं लागे. दुसरी गोष्ट कमवा आणि शिका ह्या योजनेची. विद्यार्थ्यानें रोज ठराविक वेळ शेतांत, बागेंत किंवा बांधकामावर श्रम करावयाचे, व त्या श्रमाचें मोल त्याच्या जेवणाखर्चांत वळतें करून घ्यावयाचें. तिसरी गोष्ट सहकाराची. लक्ष्मीबाईंच्या नांवानें एक शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी निघाली. तिनें उच्च शिक्षणासाठीं कर्जें द्यावीं, शिकून कमावत्या झालेल्यानें तीं फेडावीं, आणि तोच पैसा पुढच्या मुलाच्या उपयोगीं पडावा. दान एकदां दिलें कीं संपतें. फेडलेलें कर्ज पुन्हा कामाला लागतें.

लहान मुलांना हा हिशेब नीट समजावा म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, एका मुलाचा महिन्याचा खर्च दहा रुपये आहे. त्यांतील चार रुपयांचें काम त्यानें स्वतः केलें, तीन रुपयांचें धान्य घरून व मुष्टिफंडांतून आलें. तर बाहेरून मागावयाचे राहिले केवळ तीन. म्हणजे ज्या देणगींत पूर्वीं एक मुलगा शिकला असता, तींत आतां तीन मुलें शिकूं लागलीं. हे आंकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. परंतु युक्ति तीच. लोकांची एखादी खरी अडचण निवारण्यासाठीं उद्योगाची शिस्त वापरावयाची, कमाई करावयाची, आणि जी शिल्लक राहील ती कोणाच्या खिशांत न घालतां पुन्हा त्याच कामांत घालावयाची. अशा संस्थेला आज सामाजिक उद्योग म्हणतात व तो उभारणाऱ्याला सामाजिक उद्योजक म्हणतात. भाऊरावांच्या काळीं हा शब्द रूढ नव्हता. परंतु शब्द मागाहून येतात. काम आधीं होतें.

ह्या ठिकाणीं अमेरिकेंतील बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. गुलामगिरींत जन्मलेल्या ह्या नीग्रो पुढाऱ्यानें १८८१ सालीं अलाबामा प्रांतांत टस्कीगी येथें शाळा काढिली. इमारतीसाठीं विद्यार्थ्यांनींच विटा पाडावयाचें ठरविलें. तीन वेळां भट्टी फसली. चौथ्या भट्टीसाठीं पैसा नव्हता, तेव्हां वॉशिंग्टन ह्यांनीं आपलें घड्याळ गहाण टाकिलें. आणि ती भट्टी साधली. पुढें त्या विटा आसपासचे गोरे लोकहि विकत घेऊं लागले. भाऊरावांना महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणतात तें उगीच नव्हे.

परंतु साताऱ्यास जें गहाण पडलें तें घड्याळाहून मोलाचें होतें. लक्ष्मीबाई सुखवस्तु घरांतून आलेल्या, सोंवळेंओंवळें कडक पाळणाऱ्या. नवऱ्यानें अठरापगड जातींचीं मुलें घरांत आणिलीं, तेव्हां त्यांच्या मनाला काय वाटलें असेल ह्याची कल्पना आमच्या वाचक भगिनींनींच करावी. तथापि हळूहळू तीं सर्व मुलें त्यांचीं झालीं. दुखणेंबाणें, जेवणखाण सर्व त्याच पाहूं लागल्या. वसतिगृहांत धान्य संपलें कीं त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होई. एके दिवशीं देण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, तेव्हां त्यांनीं गळ्यांतलें मंगळसूत्र काढून दिलें व मुलांच्या जेवणाची सोय केली. हिंदु स्त्रीच्या दृष्टीनें ह्याहून मोठा त्याग दुसरा नाहीं. १९३० सालीं त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

आम्ही हा प्रसंग दरवर्षीं वर्गांत सांगतों, आणि दरवर्षीं मनाला एक बोंचणी लागते. हिशेबाच्या वहींत मुलांचे श्रम लिहिले गेले, मुष्टिफंड लिहिला गेला, देणग्या लिहिल्या गेल्या. परंतु लक्ष्मीबाईंनीं जें दिलें तें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें? लोकहिताच्या प्रत्येक उद्योगामागें असें एखादें माणूस असतें, कीं ज्याचें नांव फलकावर नसतें. पतपेढीला लक्ष्मीबाईंचें नांव दिलें हें योग्यच झालें. तथापि तें ऋण फिटलें असें कोणी समजूं नये.

पत्नीच्या मृत्यूनंतर भाऊरावांनीं सर्वस्वीं संस्थेला वाहून घेतलें. १९३२ सालीं पुणें करारानंतर त्यांनीं पुण्यास युनियन बोर्डिंग हाउस काढिलें; स्पृश्य व अस्पृश्य मुलें तेथें एकत्र राहूं लागलीं. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें, कीं वसतिगृहें निघालीं तरी खेड्यांत शाळाच नाहींत. आणि शाळा काढावयाच्या तर खेड्यांत राहण्यास तयार असे शिक्षक नाहींत. म्हणून १९३५ सालीं साताऱ्यास शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढिलें. तेंच पुढें महात्मा फुले ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध झालें. शिक्षक तयार होऊं लागल्यावर, १९३८ च्या सुमारास, डोंगरकपारींतील गांवीं व्हॉलंटरी शाळा निघूं लागल्या. साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या डोंगरावरील शाळा ही त्यांतील अगदीं आरंभींची. कोठें देवळांत, कोठें चावडींत, कोठें झाडाखालीं शाळा भरे. अशा पांचशेंहून अधिक शाळा दहाबारा वर्षांत निघाल्या. पुढें प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारनें घेतली, तेव्हां भाऊरावांनीं त्या सर्व सरकारच्या स्वाधीन केल्या.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. स्वतःच्या कष्टानें उभारलेलें काम दुसऱ्याच्या हातीं देणें किती कठीण! परंतु शाळा आपल्या नांवानें चालावी हा हेतु नव्हता. मूल शिकावें हा होता. ज्याला आपल्या नांवापेक्षां आपलें काम अधिक प्रिय, तोच असें करूं शकतो.

१९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालें. गरीब मुलांनीं श्रम करून विनामूल्य शिकावें, अशी ही निवासी शाळा. मोठी देणगी देण्यास तयार असलेल्या एका धनिकानें नांव बदलण्याची अट घातली, तेव्हां भाऊरावांनीं ती देणगीच नाकारली, असें सांगतात. १९४७ सालीं, स्वातंत्र्याच्याच वर्षीं, श्रमाच्या त्याच पायावर छत्रपति शिवाजी कॉलेज उभें राहिलें. शिकतां शिकतां मुलांनीं दगड फोडले, माती वाहिली, माळ खणून शेत केलें. १९४८ सालीं गांधीजींचा वध झाल्यावर त्यांच्या नांवानें १०१ हायस्कुलें काढण्याचा संकल्प भाऊरावांनीं सोडला. त्याच सुमारास सरकारी अनुदान बंद पडून संस्था मोठ्या अडचणींत आली. परंतु लोक पाठीशीं उभे राहिले, संस्था तगली आणि पुढें अनुदानहि पुन्हा सुरू झालें. ज्या झाडाचीं मुळें पुष्कळ दिशांना गेलेलीं असतात, तें एक मूळ सुकलें म्हणून वठत नाहीं. १९५४ सालीं कऱ्हाड येथें गाडगे महाराजांच्या नांवानें दुसरें कॉलेज निघालें, आणि १९५५ सालीं साताऱ्यास आझाद कॉलेज हें अध्यापकांचें महाविद्यालय सुरू झालें.

येथें एक शंका कोणी काढील, आणि ती रास्तहि आहे. श्रीमंताचा मुलगा पुस्तक घेऊन सावलींत बसतो. गरिबाच्या मुलानें मात्र शिक्षणासाठीं दगड फोडावे, हा न्याय कोणता? आम्हीं ह्याचा पुष्कळ विचार केला आहे. श्रम हा जर गरिबीबद्दलचा दंड असेल, तर तो अन्यायच होय. परंतु भाऊरावांच्या दृष्टीनें श्रम हा शिक्षणाचाच एक भाग होता, आणि तो सर्वांनीं करावा असें त्यांचें मत होतें. ते स्वतः घोंगडी पांघरून अनवाणी हिंडत, आणि ज्या कामाला मुलांना लावीत तें त्यांना स्वतःलाहि कमी वाटत नसे. तरी इतकें खरें, कीं ह्या योजनेची कसोटी पुढील चालकांनीं रोज घेतली पाहिजे. मुलाच्या श्रमानें त्याची मान वर होते कीं पाठ वांकते? मान वर होत असेल तर ती भाऊरावांची योजना. पाठ वांकत असेल तर तें केवळ नांव.

ह्या योजनेंतून कशीं माणसें निघालीं ह्याचें एकच उदाहरण देतों. लहानपणीं निराधार असलेला एक मुलगा भाऊरावांच्या छायेंत वाढला, शिकला, विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला. तेथून परत येऊन त्यानें पैशाचा धंदा धरला नाहीं. तो संस्थेचाच सेवक झाला, प्राचार्य झाला व पुढें शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरु झाला. हेच बॅरिस्टर पी. जी. पाटील. घेणारा देणारा झाला म्हणजे उद्योगाचें चक्र पूर्ण झालें.

१९५९ सालीं भारत सरकारनें भाऊरावांना पद्मभूषण ही पदवी दिली, व पुणें विद्यापीठानें डी. लिट. देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिक न झालेल्या ह्या पुरुषाच्या घरीं विद्यापीठ असें आपण होऊन आलें. त्याच वर्षीं ९ मे रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांची समाधि साताऱ्यास आहे. वटवृक्ष हें त्यांच्या संस्थेचें चिन्ह आणि स्वावलंबनानें मिळविलेलें शिक्षण हें तिचें ब्रीद. आज तिच्या शाखा सातशेंहून अधिक आहेत. संस्थापक गेला म्हणजे पुष्कळ संस्था वाळून जातात. ही मात्र पारंब्यांनीं वाढतच राहिली.

आतां शेवटचे चार शब्द. विद्यार्थ्यांनो, भाऊरावांसारखें मोठें काम आपणां सर्वांच्या हातून होणार नाहीं. परंतु त्यांची रीत लहान कामालाहि लागूं पडते. आपल्या शाळेच्या आनंदमेळ्यांत तुम्ही खाद्यपदार्थांचीं दुकानें मांडतां. ह्या वर्षीं असें करून पाहा. आधीं आपल्या वर्गांत कोणाची कोणती अडचण आहे तें मुकाट्यानें पाहून ठेवा. मग सामान किती आणलें, विकलें किती, खर्च किती, शिल्लक किती, हें वहींत मांडा. आणि ती शिल्लक त्या अडचणीच्या निवारणाला लावा. मात्र अशा रीतीनें, कीं घेणाऱ्या सोबत्यानेंहि दुकानावर तुमच्या बरोबरीनें काम केलेलें असेल. म्हणजे त्याला मिळालें तें दान न राहतां त्याचा हक्काचा वांटा होईल.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. आपला मुलगा शेतांत किंवा दुकानांत हात लावूं लागला, तर त्याला अभ्यासाच्या नांवाखालीं सदा दूर सारूं नये. आणि त्याला कामाला लावलें म्हणून त्याची शाळाहि बुडवूं नये. वही आणि कुदळ हीं दोन्हीं एकाच हातांत शोभतात, हें साताऱ्याच्या माळावर एकदां सिद्ध होऊन गेलें आहे. तें पुन्हा पुन्हा सिद्ध करण्याचें काम आतां आपल्या घरांचें आणि आपल्या शाळेचें आहे.